क्रूझवरून किनाऱ्यावर उतरलो आणि त्सुनामीचा किंवा वादळाचा इशारा आला तर? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातून आता कितीतरी कुटुंबं क्रूझला जातात. कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करतं, कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो म्हणून हवाई किंवा अलास्का ठरतं, कुणी सिंगापूरहून निघतं. निघण्याआधी कपडे, औषधं, जेवण या सगळ्यावर आपण तासन्‌तास बोलतो. इशाऱ्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि विचारलं तर घरचे म्हणतात, अशुभ बोलू नका. मला वाटतं हे बोलायलाच हवं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वाढलेली माणसं. समुद्र अंगावर येऊ शकतो याची सवय आपल्या पायांना नाही. ज्येष्ठ प्रवाशांशी आणि त्यांच्या मुलांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

जहाज बंदरात असताना त्सुनामीचा इशारा आला तर कप्तान प्रवाशांना मागे ठेवून खरंच निघून जातो का?

हो, जाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा त्याने जावं हेच योग्य असतं.

खोल समुद्रात त्सुनामीची लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, पण तिची उंची अनेकदा मीटरभरसुद्धा नसते. वरून जाणाऱ्या जहाजाला ती गेल्याचं कळतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाट मंदावते आणि मागचं पाणी पुढच्यावर चढून तिची उंची वाढते. बंदरात तर पाणी आत-बाहेर इतक्या जोराने ओढलं जातं की जहाजाचे दोर तुटतात आणि जहाज धक्क्यावर आपटतं. दोन-अडीच हजार माणसं आत असलेलं जहाज धक्क्याला बांधून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. म्हणून बंदर अधिकारीच मोठ्या जहाजांना बाहेर पडायला सांगतात.

२०२५ च्या जुलैमध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. हवाईमध्ये तेव्हा २९ जुलैची दुपार होती आणि बेटं पर्यटकांनी भरलेली होती. बंदरं रिकामी करण्याचे आदेश निघाले. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. पहिल्या लाटा संध्याकाळी सातनंतर पोचल्या, म्हणजे हाताशी जवळपास सहा तास होते. तरीही सहलीवर लांब गेलेल्या माणसाला त्या गर्दीतून बंदर गाठणं सोपं नव्हतं.

मग मी काय करायचं? जहाजाकडे धावायचं की उंचावर जायचं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

उत्तर हाताशी असलेल्या वेळेवर ठरतं. भूकंप हजारो किलोमीटर दूर झाला असेल, लाट यायला काही तास असतील, जहाजाने सगळ्यांना परत बोलावलं असेल, कंपनीची बस समोर उभी असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर निघा आणि लगेच निघा. वाटेत खरेदी नाही, बिलावरून वाद नाही, एक फोटोही नाही.

पण तुमच्या पायाखालची जमीनच जोरात हलली असेल, तर भूकंप जवळ झाला आहे आणि लाट काही मिनिटांत येऊ शकते. अशा वेळी सायरनची वाट पाहू नका, फोन पाहू नका, आणि बंदराकडे तर मुळीच जाऊ नका. धक्का ही त्या गावातली सगळ्यात सखल जागा असते. हलणं वीस सेकंदांहून जास्त टिकलं, समुद्र एकाएकी मागे हटून तळ उघडा पडला किंवा रेल्वेसारखा घरघराट पाण्याच्या बाजूने आला, तर यातली कुठलीही एक खूण पुरेशी आहे. मागे न वळता उंचाकडे चालत सुटा.

अवघड प्रसंग असतो तो मधला. इशारा आहे, दोन-तीन तास आहेत, पण जहाज दीड तासाच्या रस्त्यावर आहे आणि वाहनं खोळंबली आहेत. इथे माझं मत स्पष्ट आहे: वर जा. आपल्याकडच्या माणसाला परक्या मुलुखात जहाज हेच घर वाटतं. सामान तिथे, औषधं तिथे, पासपोर्ट तिथे, जोडीदारही कदाचित तिथेच. म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. पण तुम्ही पोचेपर्यंत जहाज गेलेलं असेल, तर तुम्ही रिकाम्या धक्क्यावर, लाटेच्या तोंडावर उभे असाल. जहाज खोल पाण्यात सुरक्षित आणि तुम्ही डोंगरावर सुरक्षित, हा निकाल चांगला आहे. तिकीट, सामान, पुढचा प्रवास हे सगळं नंतर जुळवता येतं.

नवरा-बायको किंवा दोन मित्रांनी हे उतरण्याआधीच बोलून ठेवावं. एक जहाजावर थांबलाय आणि दुसरा बाहेर गेलाय, असं असेल तर दोघांनी एकमेकांना शोधायला निघायचं नाही. हे एकच वाक्य आधी ठरलेलं असलं तर पुष्कळ घोळ टळतो.

“उंचावर” म्हणजे नेमकं किती? माझे गुडघे चालत नाहीत.

साधारण ३० मीटर उंची किंवा किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत, असं लक्षात ठेवा. तेवढं जमलं नाही तर जितकं जमेल तितकं. प्रत्येक पायरी उपयोगाची आहे. हवाईमध्ये दहा किंवा त्याहून अधिक मजल्यांच्या काँक्रीटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर किंवा त्याच्या वर थांबायला तिथलं प्रशासन सांगतं, आणि ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी हा पर्याय खरंच मोठा आधार आहे. जुन्या, लहान, विटांच्या घराच्या गच्चीवर मात्र भरवसा ठेवू नका.

गुडघ्यांचा त्रास असेल तर बसमधून उतरल्या उतरल्या गाईडला विचारा: “इथून वर जायचा रस्ता कुठला?” किनाऱ्यावरच्या बहुतेक पर्यटनगावांत निळ्या-पांढऱ्या पाट्यांवर लाट आणि टेकडी चढणारा माणूस काढलेला असतो. ती पाटी कुठे आहे ते एकदा पाहून ठेवलं की मग दिवसभर निवांत फिरा.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओसंडून रात्रीतून घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची कितीतरी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या शेजाऱ्यांकडे गेली. सामान आवरत बसायला वेळ नव्हता. आपल्या शहराला पाण्याचा हा अनुभव आहे, तो सोबत घेऊन जा.

तिथली भाषा येत नाही. इशारा दिलाय हे कळणार कसं?

सायरनला भाषा नसते. हवाईत किनाऱ्यावर भोंगे एकसुरी, लांब वाजतात. जपानमध्ये ध्वनिक्षेपकांवरून सूचना येते आणि २०२० पासून समुद्रकिनाऱ्यांवर लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फडकावला जातो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तो झेंडा फार मोलाचा आहे. मोबाईलवरही मोठ्या आवाजात संदेश येतो, पण त्यासाठी फोन सुरू आणि तिथल्या नेटवर्कला जोडलेला हवा. रोमिंगचे पैसे वाचवायला फोन दिवसभर विमान मोडवर ठेवणारे बरेच जण असतात. तसं करू नका. डेटा बंद ठेवा, फोन चालू ठेवा.

आणि स्थानिक दुकानदार शटर ओढून डोंगराकडे निघाले असतील, तर कारण विचारत थांबू नका, त्यांच्यामागे जा.

वॉच, अॅडव्हायझरी, वॉर्निंग यांत फरक काय?

अमेरिकेच्या पद्धतीत ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, तयार राहा. ‘अॅडव्हायझरी’ म्हणजे पाण्यापासून आणि किनाऱ्यापासून दूर व्हा, प्रवाह धोकादायक आहेत. ‘वॉर्निंग’ म्हणजे किनाऱ्यालगतचा भाग सोडा. जपानमध्ये लाटेच्या अपेक्षित उंचीवरून तीन पायऱ्या आहेत आणि तीन मीटरहून मोठ्या लाटेसाठी सर्वांत वरचा इशारा असतो. देशोदेशी शब्द बदलतात. म्हणून शब्द पाठ करण्यापेक्षा जहाजाची घोषणा आणि तिथल्या पोलिसांचा हात कुठे दाखवतोय, हे पाहा.

एक लाट आली, फारसं काही झालं नाही. आता परत खाली जायला हरकत नाही ना?

आहे. त्सुनामी ही लाटांची मालिका असते. दोन लाटांमध्ये काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असू शकतं आणि पहिलीच लाट सगळ्यात मोठी असते असं नाही. पाणी ओसरल्यावर मासे, शंख, तळ पाहायला खाली उतरलेली माणसं दुसऱ्या लाटेत सापडल्याचे दाखले जगभर आहेत. प्रशासन अधिकृतपणे धोका टळल्याचं सांगत नाही तोवर वरच राहा. त्यानंतरही बंदराची तपासणी होईपर्यंत जहाज आत घेत नाहीत. तेव्हा रात्र वरच काढावी लागू शकते हे मनाशी धरा.

आम्ही मुंबई–गोवा–लक्षद्वीप जातोय. तिथे काय होऊ शकतं?

अरबी समुद्रात मुख्य प्रश्न चक्रीवादळाचा. त्याचा काळ पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे असतो: मे-जून, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळाचं एक बरं आहे, ते न सांगता येत नाही. भारतीय हवामान विभाग किनाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने सूचना देतो: पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, मग ४८ तास आधी सावधगिरीचा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा. बंदरांवर धोक्याचे बावटे लागतात, त्यांना १ ते ११ असे क्रमांक असतात आणि साधारणपणे क्रमांक वाढेल तसा धोका वाढतो. बातमीत “तीन नंबरचा बावटा” ऐकलं तर त्याचा अर्थ हा.

त्यामुळे वादळात जहाज तुम्हाला किनाऱ्यावर सोडून पळण्याची वेळ सहसा येत नाही. ते मुळात त्या बंदरात जातच नाही. मार्ग बदलतो, एक दिवस जास्तीचा समुद्रात जातो किंवा सहलच पुढे ढकलली जाते. अशा वेळी जहाजावरचे काही जण स्वागतकक्षापाशी जमून आरडाओरडा करतात, आणि मला ते पाहून वाईट वाटतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि अनेकांचा जीव गेला. खवळलेल्या अरबी समुद्रात अडकणं म्हणजे काय ते त्या घटनेने दाखवलं आहे. कप्तान वादळापासून दूर जातोय याचा आनंद माना.

लक्षद्वीपची गोष्ट थोडी निराळी. तिथे मोठं जहाज थेट बेटाला लागत नाही, बाहेर थांबतं आणि लहान बोटींनी माणसं नेतात. वादळ नसलं तरी नुसत्या लाटा उसळल्या की ही ने-आण बंद होते. बेट समोर दिसतंय आणि उतरता येत नाही, असा दिवस तिथे येऊ शकतो. फक्त लक्षद्वीप पाहायचं म्हणूनच क्रूझ घेत असाल तर हा हिशेब आधी करा.

भारताच्या किनाऱ्यावर त्सुनामी येते का?

येते. २६ डिसेंबर २००४ ची अंदमान आणि तमिळनाडूतली हानी आपल्या आठवणीत आहे. पश्चिम किनाराही अगदी मोकळा नाही. १९४५ मध्ये पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालतं. देशातले सगळे इशारे मराठीतूनही मिळवायचे असतील तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप फोनवर घ्या. नागपुरातल्या उष्णतेच्या आणि विजांच्या इशाऱ्यांसाठीही ते उपयोगी पडतं.

ज्वालामुखी पाहायची सहल घ्यावी का?

विचारपूर्वक. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांतले कितीतरी जण क्रूझवरून दिवसभराच्या सहलीला आलेले होते. २२ जणांचा मृत्यू झाला. तीन आठवडे आधीच तिथल्या ज्वालामुखीची सतर्कता पातळी १ वरून २ वर नेलेली होती, म्हणजे उद्रेक नसताना असू शकणारी सर्वांत वरची पातळी. सहली तरीही चालू होत्या.

याचा अर्थ असा की सहल विक्रीला आहे म्हणजे ती आज सुरक्षित आहे, असं धरू नका. “आजची सतर्कता पातळी किती, आणि ती हल्लीच वाढली आहे का?” हे दोन प्रश्न काउंटरवर विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर त्या दिवशी दुसरं काही पाहा. दुरून, बोटीतून किंवा हवाई मार्गाने ज्वालामुखी पाहणं आणि त्याच्या तोंडाशी चालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उतरताना पिशवीत काय असावं?

दोन दिवसांची औषधं, सगळ्यात आधी. रक्तदाब, साखर, थायरॉइड, रक्त पातळ करण्याची गोळी, इन्सुलिन, जे रोज लागतं ते सगळं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह. बहुतेक जण “चार तासांत तर परत येतो” म्हणून हेच केबिनमध्ये ठेवतात.

पासपोर्टची आणि व्हिसाची छापील प्रत, आणि जहाजाने पासपोर्ट तुमच्याकडेच ठेवला असेल तर त्या देशात मूळ प्रत बरोबर बाळगण्याबद्दल स्वागतकक्षात विचारून घ्या. जहाजाचं कार्ड, एक बँक कार्ड, थोडी स्थानिक रोकड, पॉवर बँक, पाणी, पातळ शाल. रोजच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. तिचा फोटो नुसता फोनमध्ये ठेवू नका, कागदच पिशवीत टाका. चिवडा-लाडूंबद्दल एक सूचना: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत खाण्याच्या वस्तू उतरवण्याचे नियम फार कडक आहेत आणि दंड मोठा होतो. तिथे पाकीटबंद बिस्किटंही आधी विचारून घ्या.

पायात चप्पल नको, बंद बूट हवेत.

जहाज गेलं आणि मी मागे राहिले. आता?

जहाजाला कळलेलं असतं. उतरताना आणि चढताना कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण बाहेर आहे याची यादी त्यांच्याकडे तयार असते. अनेक कंपन्यांची पद्धत अशी की न परतलेल्या प्रवाशाच्या केबिनमधला पासपोर्ट काढून तो बंदरातल्या एजंटकडे द्यायचा, मात्र घाईने बंदर सोडावं लागलं तर तेवढी सवड मिळेलच असं नाही. धोका टळल्यावर एजंटला फोन करा. जहाज त्याच बंदरात परत येणार की पुढच्या बंदरात गाठायचं, हे तोच सांगेल.

पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसा तपासा. जहाजातून दिवसभरासाठी उतरणाऱ्यांना मिळणारी सवलत विमानाने आलेल्याला मिळेलच असं नाही. पासपोर्टच जवळ नसेल तर भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा. हवाई बेटांचं काम सॅन फ्रान्सिस्कोचं वाणिज्य दूतावास पाहतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नागपुरातून मुलंही तुमच्या वतीने तक्रार नोंदवू शकतात.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सी करून फिरावं? दर जवळजवळ दुप्पट आहेत.

दर जास्त आहेत हे खरं. एरवी मी स्वतः फिरण्याच्या बाजूची आहे. पण भूकंपप्रवण बेटांवर, पहिल्यांदाच क्रूझ करत असाल किंवा चालण्याचा त्रास असेल, तर जहाजाचीच सहल घ्या. त्यांच्या गाईडकडे जहाजाशी बोलायचा मार्ग असतो, बस हाताशी असते आणि तुमची जबाबदारी कुणावर तरी असते. स्वतः फिरायचं असेल तर टॅक्सीवाल्याला दिवसभरासाठी ठरवा, सोडून देऊ नका.

बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात आणि त्या बंदराचं शुल्कही बहुतेक कंपन्या तुमच्या जहाजावरच्या खात्यात जमा करतात. क्रूझच्या मूळ भाड्यातला भाग मात्र मिळत नाही. सुरक्षेसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने तिकिटाच्या अटींत राखून ठेवलेला असतो आणि आपण त्यावर सही केलेली असते. बाहेरच्या टूरवाल्याला आगाऊ पैसे दिले असतील तर ते त्याच्या अटींवर अवलंबून.

नागपुरातल्या एजंटने कबूल केलेली परतफेड दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा परदेशात आहे म्हणून तिकडे जावं लागत नाही. त्यासाठी पावत्या आणि एजंटशी झालेलं बोलणं लेखी असू द्या.

विमा कधी घ्यावा?

बुकिंग केल्याच्या आठवड्यातच. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळामुळे झालेलं नुकसान सहसा भरून देत नाही, कारण ती आधीच माहीत असलेली गोष्ट ठरते. कागदात तीन गोष्टी शोधा: चुकलेलं बंदर, जहाज गाठण्याचा प्रवासखर्च, आणि जुन्या आजारांचा समावेश. तिसऱ्या गोष्टीवरून नागपूरच्या ज्येष्ठांचे दावे अडकलेले मी जास्त पाहिले आहेत.

आई-बाबा क्रूझवर आहेत आणि टीव्हीवर त्सुनामीची बातमी आली. नागपुरात बसून आम्ही काय करावं?

कामचात्काचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे ३० जुलैची पहाट होती, पाच वाजायला आले होते. उठल्या उठल्या फोनवर धावणाऱ्या माणसांच्या चित्रफिती येऊ लागल्या आणि ज्यांचे आप्त तिकडे होते त्यांच्या पोटात गोळा आला. अशा वेळी सारखे फोन लावू नका. नेटवर्क आधीच कोंडलेलं असतं आणि त्यांच्या फोनची बॅटरी मौल्यवान असते. एकच संदेश पाठवा: “वर जा. आम्ही ठीक. जमेल तेव्हा एक शब्द लिहा.”

जहाज खोल समुद्रात गेलं की मोबाईलचं नेटवर्क सुटतं. म्हणजे उत्तर न येण्याचं कारण बहुधा ते सुरक्षित जागी गेलेत हेच असतं. कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर केबिन नंबर सांगून चौकशी करा. जहाजांची जागा दाखवणाऱ्या सार्वजनिक संकेतस्थळांवर जहाजाचं नाव टाकून ते किनाऱ्यापासून दूर गेलंय का तेही दिसतं. म्हणून निघताना जहाजाचं नाव, केबिन नंबर, विमा पॉलिसी आणि बंदरांची तारखेनुसार यादी घरी ठेवायला आई-बाबांना सांगा. जुन्या चित्रफिती नव्या म्हणून फिरतात, त्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे टाकू नका. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर टीव्ही बंद केलेला बरा.

वादळामुळे जहाज मुंबईला उशिरा पोचलं तर परतीच्या गाडीचं काय?

क्रूझ संपते त्याच संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो धरायचा मोह होतो. मे, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये जात असाल तर एक रात्र मध्ये सोडा. जहाज उशिरा आलं म्हणून रेल्वे तिकिटाचे पैसे परत करत नाही, आणि स्वस्त विमानतिकिटाचंही तेच. दादर-ठाण्याला नातेवाईक असतील तर तिथे राहायचं आधीच सांगून ठेवा. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुला झाला आहे, तेव्हा चार-पाच जण बरोबर असाल तर गाडी करून नागपूर गाठणं शक्य आहे. फक्त रात्रभर जागून आलेल्या कुणाला चाक हाती देऊ नका. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, डुलकी लागते.